पाळण्याचं पद

पडदा वर गेला आणि चिंतामणला पाळणा दिसला. दिसणारच होता, कारण तो त्यानेच कंपनीला आणून दिला होता. पाळणा दिसला की शेजारच्या सोपानला कोपरखळी मारायची आणि 'हा आपला' असं ऐटीत सांगायचं, हे त्याने केव्हापासून मनात ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात कोपर हललंच नाही. रंगमंचाच्या मधोमध तो लाखेच्या रंगाचा, तांबड्या-हिरव्या दांड्यांचा पाळणा टांगला होता. नायिकेच्या वेषातला नट डोळ्यांना पदर लावत आला, त्याने दोरी धरली आणि एक झोका दिला. पाळणा केवढा तरी लांब गेला आणि परत येताना मध्येच थरथरला. आत काही असलेला पाळणा असा जात नाही. ज्या घरात मूल वाढलंय तिथल्या कुणालाही हे कळतं, आणि चिंतामणने तर इंदापूरला पाठची भावंडं झोके देऊन देऊनच मोठी केली होती. पाळण्यात बोचकं नव्हतं, उशी नव्हती, चिंधीसुद्धा नव्हती. ते लोक रिकामा पाळणा हलवत होते.

रिकामा पाळणा हलवू नये, बाळाच्या पोटात दुखतं. हे वाक्य त्याच्या डोक्यात आईच्या आवाजात आलं, तेही पाठीतल्या धपाट्यासकट. त्याला स्वतःचाच राग आला. मॅट्रिकच्या वर्गात बसणारा मुलगा, शास्त्राच्या पुस्तकातला लंबकाचा धडा तोंडपाठ, आणि हे काय? दोरीला टांगलेली वस्तू ढकलली की हलते. त्यात कुठल्या बाळाच्या पोटात दुखणार? असा प्रश्न त्याने स्वतःला मोठ्या तोऱ्यात विचारला, आणि उत्तर लगेच आलं. विमलवहिनींच्या. त्यांचे दिवस अगदी भरत आले होते. आज दुपारी तो त्यांच्याकडे जेवायला गेला तेव्हा वाढताना त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या होत्या, आणि चिंतामणने आमटीचा भुरका मारत तिकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं होतं, कारण खेळाची वेळ होत आली होती.

आणि मग पद सुरू झालं. पिटात पसरलेल्या जाजमावर बाजारची माणसं दाटीने बसली होती. कुणाच्या मांडीशी भाजीची पाटी, कुणाच्या काखेत नवी घोंगडी. गुरुवारचा बाजार उरकून दिवेलागणीच्या आत गाडी जुंपता यावी म्हणून बारामतीच्या मुक्कामात कंपनीने हा दुपारचा खेळ मुद्दाम ठेवला होता. पहिला सूर आला आणि ती सगळी माणसं गप्प झाली. याच सुरासाठी चिंतामण कुठून कुठे आला होता! इंदापूरला लहानपणी तंबूच्या कनातीला पाठ लावून, बाहेरच्या धुळीत बसून त्याने नाटकं कानांनी पाहिली होती. आत कोण कसं दिसतं हे त्याला ठाऊक नसे, पण कुठल्या पदाला ऑर्गन आधी हुंकारतो आणि कुठल्या पदाला नट आधी श्वास घेतो, हे पाठ होतं. हे पाळण्याचं पद त्याने एकदाच, तेही अर्धं ऐकलं होतं. राखणदाराने काठी आपटून उठवलं होतं. उरलेलं अर्धं पद त्यानंतर कित्येक वर्षं तो आपल्या मनाने पुरं करीत आला, दरवेळी निराळं. बारामतीला शिकायला यायचं ठरलं तेव्हा वडिलांना वाटलं पोराला विद्येची ओढ आहे. ओढ होती, नाही असं नाही. पण बारामतीला रेल्वे होती, आणि रेल्वे असते तिथे कंपन्या येतात, हे त्याने वडिलांना सांगितलं नव्हतं.

आता ते उरलेलं अर्धं पद समोर चाललं होतं आणि त्याला ऐकू येत नव्हतं. कान होते, सूर होते, पण मन पाळण्याच्या कड्यांच्या कुरकुरीवर जाऊन बसलं होतं. ही कुरकुर ओळखीची होती. भामाकाकूंच्या माळ्यावरून पाळणा खाली उतरवताना ती पहिल्यांदा झाली आणि काकू दचकल्या होत्या. भामाकाकूंकडे चिंतामणचा गुरुवार होता. आठवड्याच्या सात घरी वार लावून जेवणाऱ्या पोराला कुठल्या घरी मन लावायचं नसतं, पण या घरी ते लागलं होतं. काकूंचा मुलगा कॅनॉलवर ओव्हरशिअर, सदा फिरतीवर. घरात काकू आणि सून विमल, दोघीच. काकू त्याला 'अरे चिंतू' म्हणत, आणि दुसरं वाढण विचारताना नाही म्हणायला जागा ठेवत नसत. विमलवहिनींना पदांचा नाद होता. पाटावर बसल्यावर तो हळूच विचारी, "वहिनी, काल ते जोगियातलं ऐकलंत का? वाऱ्यावर इकडे आलं असेल." त्या आत भाकरी थापता थापता नुसत्या हुंकार भरत. गेल्या खेपेचं मूल गेल्यापासून त्या स्वतः गुणगुणत नसत.

पाळणा मागायला तो तिथेच का गेला? दुसरीकडे कुठे देखणा पाळणा नव्हता असं थोडंच होतं? पण बोलपट आल्यापासून या कंपनीची रया गेली होती. जुनं सामान फुंकून टाकलेलं, म्हणून जिथे मुक्काम तिथे गावातूनच वस्तू उसन्या आणायच्या आणि ज्याची वस्तू त्याला पास द्यायचा, असा रिवाज पडला होता. वकिलांच्या आरामखुर्चीवर राजा बसला की वकीलीणबाई शेजारणीला सांगत, डॉक्टरांचं घड्याळ महालात टांगलं की डॉक्टर खिशातलं घड्याळ काढून वेळ ताडून पाहत. सगळ्या गावाचा संसार रंगमंचावर आणि सगळं गाव फुकट आत! चिंतामणकडे काय होतं? एक पत्र्याची ट्रंक आणि एक सतरंजी. कंपनीचं सामान सांभाळणाऱ्या रावजीने ट्रंकेकडे पाहून तोंड वेंगाडलं होतं. "ह्ये कशाला? एखादा पाळणा घावतोय का बघा. जुना, देखना. मुक्काम हाय तवर तुमाला पास." मुक्काम आहे तोवर! रोज, हवं ते नाटक, आत बसून! त्या रात्री चिंतामण झोपला नाही, आणि सकाळी तो भामाकाकूंच्या दारात उभा होता. गुरुवार नसताना.

नाटकासाठी हवाय असं सांगितलं असतं तर काकूंनी नाही म्हटलं असतं, बास. तेवढ्यावरच भागलं असतं. पण त्याने सांगितलं की स्टेशनवर नवे तारबाबू आले आहेत, कानडी मुलखातले, त्यांना मूल झालंय आणि परगावी बिचाऱ्यांजवळ पाळणा नाही. हे त्याला आयत्या वेळी सुचलं आणि सुचलं तेव्हा त्याला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं.  काकू घाईघाईने म्हणाल्या, "ने हो, ने. आजच ने. मूल चांगलं आहे ना? सुदृढ आहे ना?" पाळणा पुसताना त्यांचे हात कापत होते. आपल्या गेलेल्या नातवाची आठवण येत असेल, असं त्याला वाटलं आणि तो डोळे खाली घालून उभा राहिला. पाळणा रिकामा न्यायचा नाही म्हणून त्यांनी आत वरवंटा ठेवला. विमलवहिनींनी आतून एक नवं दुपटं आणलं. आपल्याच बाळासाठी शिवून ठेवलेलं, कडेला निळ्या दोऱ्याची वेल काढलेलं. "त्याला होईल," एवढंच म्हणून त्यांनी ते वरवंट्यावर पांघरलं.

तेव्हापासून दर गुरुवारी काकूंचा पहिला प्रश्न तोच. बाळ कसं आहे? आणि तोही सांगत गेला. सांगायला काय लागतं? बाळ बरं आहे. बाळाने कूस वळवली. बाळाला टाळूवर तेल फार लागतं. बाळाच्या आईला मराठी येत नाही, ती लाजते, म्हणून काकूंनी तिकडे जायचं काढू नये. गंमत अशी की हळूहळू ते बाळ त्याला दिसायला लागलं होतं. सावळं, जावळ दाट, मुठी आवळून निजणारं. शाळेतून येताना स्टेशनकडे नजर गेली की आज त्या बाळाचं काय सांगावं याचा विचार त्याच्या मनात आपोआप येई, आणि तो खोटं रचतोय हे त्याच्या ध्यानातही येत नसे. संध्याकाळी पास दाखवून तो रुबाबात आत जाई. कंपनीने आधी दुसरीच नाटकं लावली. पाळण्याचं नाटक नटाचा घसा बसल्यामुळे मागे पडलं होतं. म्हणजे पाळणा कुठेतरी सामानात पडलेला आणि चिंतामण पुढे, पदांत बुडालेला. त्याच्या दृष्टीने पाळणा तारबाबूंकडेच होता म्हणा ना!

"वन्समोर!" सोपान त्याच्या कानात ओरडला. पद संपलं होतं. सोपानच्या बापाचा कॅनॉलकाठी भाजीचा मळा होता, दोघे एकाच बाकावर बसत, आणि वन्समोअर द्यायला सोपानला शिकवलं होतं चिंतामणनेच. "आरं, वरड की! रोज तर पयला तूच असतुयास. आज काय दातखीळ बसली व्हय?"

 पिट उठून उभं राहायच्या बेतात होतं. नटाने पदर सावरला, मान लववली आणि पुन्हा दोरी धरली. पुन्हा तो रिकामा पाळणा पार विंगेपर्यंत गेला आणि थरथरत मागे आला. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. नट आता आणखी रंगला होता, झोके आणखी मोठे. पद संपलं, पुन्हा वन्समोअर. चिंतामणला वाटलं, उभं राहावं आणि 'पुरे' म्हणून ओरडावं. पण पुरे असं नाटकात कुणी ओरडत नाही. तिसऱ्या खेपेला नटाने शेवटची तान घेतली आणि दोरी तशीच सोडून दिली. पाळणा आपल्याआपण हलत राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चिंतामण उठला.

"कुठं निगालास?" सोपान म्हणाला. "आता तर खरी गंमत हाय फुडं."

"आलो."

पत्र्याच्या भिंतीला वळसा घालून तो मागच्या बाजूला गेला. पासवाल्याला कुणी अडवत नाही. विंगेत रावजी दोरखंडांच्या ढिगावर बसून सुपारी कातरत होता. पाळणा आत घेऊन भिंतीला टेकवून ठेवला होता. चिंतामण जवळ गेला आणि त्याने आत हात घातला. तळाच्या नवारीला नुसती धूळ. "रावजी, यात वरवंटा होता."

"वरवंटा व्हय! तो न्हेला की आचाऱ्यानं. चटणी वाटाया बरा हाय म्हनत हुता."

"आणि दुपटं?"

रावजीने अडकित्त्यानेच दाखवलं. नायिकेचा नट आरशासमोर बसला होता आणि पुढच्या प्रवेशासाठी तोंडाचा रंग पुसत होता. निळ्या वेलीच्या दुपट्याने. दुपटं तांबडं-पांढरं माखलं होतं. चिंतामणने ते मागितलं तेव्हा नटाने हसून दिलं. चांगला माणूस होता. घामेजलेला, थकलेला. "झालं का पद बरं?" असंही त्याने विचारलं. चिंतामणने मान हलवली. या माणसाशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून त्याने काय काय केलं असतं! आणि आता तो रावजीकडे वळला.

"रावजी, पाळणा मला परत हवाय."

"आन् असं कसं? उद्या मुक्काम उटतोय. इंदापुरात पयला खेळ ह्योच हाय. तितं पाळणा मी कुठनं पैदा करू?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "तुमचं गाव तेच न्हवं का? सुटीत येनारच की तुमी. तितला बी पास दितो. हितं विंगंत बसा, कोन काय म्हननार न्हाय. पाळना जपून धाडतो की माघारी."

नाही म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होता. तेवढ्यात पलीकडे ऑर्गनने हुंकार दिला आणि नायकाचं विरहाचं पद सुरू झालं. विंगेतून आवाज निराळाच येतो. पिटात न पोचणारे श्वास, ओठ मिटताना होणारा बारीक आवाज, दोन सुरांमधली ओल, सगळं इथे हाताच्या अंतरावर होतं. चिंतामण उभा राहिला. एका हातात ते माखलेलं दुपटं, दुसरा पाळण्याच्या कठड्यावर, आणि तो ऐकत होता. किती वेळ, त्याचं त्याला कळलं नाही. पद संपल्यावर त्याला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. पण पद संपल्यावर वाटली, आधी नाही. आणि रावजीला त्याने नाही म्हटलंच नाही. "बघतो," असं काहीतरी म्हणून तो बाहेर पडला.

बाजार मोडला होता. पालं उतरत होती, उरलीसुरली वांगी कुणी मातीमोल विकत होतं. दुपटं कोटाच्या आत छातीशी दाबून तो चालत होता आणि रंगाचा तेलकट वास नाकाशी येत होता. सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. काय होईल? गुरुवार जाईल. जाऊ दे. एक दिवस उपास काढू. काकू बोलतील, बोलू देत. एकदा सांगून टाकलं की हे जे छातीत बसलंय ते उठेल, आणि मग... मग तो इंदापूरला मोकळ्या मनाने पाळण्याचं पद ऐकू शकेल, असं त्याच्या मनात आलं. आलं खरं. तो रस्त्यातच थांबला. आपण काय माणूस आहोत, असं त्याला वाटलं आणि तो भराभर चालायला लागला.

काकू देवळात दिवा लावायला गेल्या होत्या. विमलवहिनी मागच्या पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. पाय लांब केलेले, पाठ खांबाला. बसल्या जागी त्यांना नीट श्वास घेता येत नव्हता. चिंतामणने दुपटं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पाहिलं. मग त्याने सगळं सांगितलं. तारबाबू नाहीत, त्यांची बायको नाही, बाळ नाही. पासासाठी पाळणा दिला. आज तो रिकामा हलवला, एकदा नव्हे, तीनदा. हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज चिरकला, कारण शास्त्राच्या पुस्तकाने काहीही म्हटलं असो, त्या वेळी त्याचे डोळे त्यांच्या पोटावर होते.

वहिनी दुपट्याची वेल बोटाने चाचपत राहिल्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला दुपारपासून ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा वन्समोअर आला. मी म्हटलं, कुणाचं तरी भाग्य." मग म्हणाल्या, "भावजी, सासूबाई रोज देवळात का जातात, ठाऊक आहे?"

"तुमच्यासाठी."

"त्या बाळासाठी. तारबाबूंच्या. आमचं बाळ त्या पाळण्यात गेलं. पाळण्याला दोष लागला, दुसऱ्याचं जगतं मूल त्यात निजलं म्हणजे तो जातो, असं त्यांना कुणी तरी सांगितलं. पण असल्या पाळण्यात आपलं मूल कोण देईल? तुम्ही आयते आलात. त्यांनी परक्याच्या मुलावर पाळणा पारखायला दिला, आणि दिल्यापासून जीव टांगणीला लागलाय त्यांचा. त्या बाळाला काही झालं तर, म्हणून रात्री उठून बसतात. मोरगावच्या गणपतीला नवस बोलल्यात, त्या बाळासाठी. तुम्ही बरं आहे म्हणता तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरतो."

चिंतामणला काकूंचे पाळणा पुसणारे हात आठवले. ते आठवणीने कापत नव्हते तर. त्याला एकदम सुटल्यासारखं झालं. "मग तर सांगतोच! ते बाळच नाही म्हटल्यावर त्यांच्या मनावरचं सगळं ओझं उतरेल. आजच सांगतो. आत्ता."

"आणि माझ्या?" विमलवहिनी म्हणाल्या.

त्याला कळलं नाही. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "पाळण्यात कुणी निजलंच नाही, म्हणजे दोष तसाच. वर रिकामा हलवला. उद्या मला कळा लागल्या की त्या माझ्याकडे कशा बघतील? गेल्या खेपेला बघत होत्या तशा. काही भलंबुरं झालं तर पाळणा, तुम्ही, नाटक, सगळं बाजूला राहील. मीच राहीन. भावजी, तुम्ही आज मनातलं बोलून टाकलंत, बरं वाटलं तुम्हाला. आता माझ्यासाठी गप्प राहा. पाळणा जातोय तर जाऊ दे इंदापूरला. मी झोळी बांधीन. ते बाळ अजून लहान आहे, पाळणा त्याला हवाय, असं सांगा. दर गुरुवारी सांगा." त्यांनी दुपटं बादलीतल्या पाण्यात बुडवलं. रंग सुटेना, तशा त्या ते चोळत राहिल्या.

पुढच्या दारी काकूंच्या वहाणा वाजल्या. "आला का रे चिंतू? बस, बस पाटावर," त्या तिथूनच म्हणाल्या, आणि पाय धुऊन आत आल्या. पान मांडलेलं होतं. तो बसला. काकूंनी भात वाढला, पण वरण वाढायच्या आधीच त्या थांबल्या. उतरत्या वयाचा तो चेहरा, ते डोळे तो कित्येक गुरुवार पाहत आला होता आणि त्यात माया आहे असं समजत आला होता. मायाही होती. पण तिच्यामागे जे होतं ते आता त्याला दिसलं, आणि दिसल्यावर त्याला तिकडे पाहवेना.

"बाळ कसं आहे रे?" काकूंनी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात विमलवहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. हात ओले, पदर खोचलेला.  चिंतामणच्या घशात खरं आणि खोटं दोन्ही एकदम आलं. खरं बोललं की काकू सुटतील, वहिनी बुडतील. खोटं बोललं की वहिनी सुटतील, काकू जळत राहतील. आणि आपण? आपल्याला दोन्हीकडे जेवायला मिळणार आहे.

"छान आहे," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा हसलं, काकू. पाळण्यात."

काकूंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी तुपाची तांबली ओढून घेतली आणि त्याच्या भातावर तूप वाढायला सुरुवात केली. पुरे, पुरे म्हणत त्याने हात आडवा धरला, तरी त्या थांबल्या नाहीत. दारातून विमलवहिनी आत वळल्या. चिंतामणला भूक लागली होती. तो जेवला.